उडालेला प्लग

विद्युत् ठिणगीचा विषय वर्गात निघाला की फळ्यावर दोन टोके काढली जातात, मध्ये एक वाकडीतिकडी रेघ ओढली जाते आणि धडा पुढे सरकतो. त्या रेघेवर कुणाच्या तरी घरची चूल पेटत असते, हे फळ्याकडे बघून कळत नाही. माझ्या घरची चूल त्या रेघेवर पेटते. माझे वडील पिकअप चालवतात. बेळगाव तालुक्यातील भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करीत घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत ती गोव्याच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा बारा वर्षांचा धंदा. त्यामुळे पाठ्यपुस्तकात एका आकृतीपुरता भेटणारा स्पार्क प्लग मला आमच्या ओसरीवरच्या पत्र्याच्या डब्यात लहानपणापासून भेटत आला आहे.

बोटभर लांबीची ही वस्तू आपल्यापैकी किती जणांनी हातात घेऊन पाहिली असेल? वर पांढरी चिनी माती दिसते. ती खरे म्हणजे ॲल्युमिनाची, वीज अडवून धरणारी. मधून एक धातूची कांडी आरपार गेलेली. खाली तिच्या टोकासमोर वाकवलेली एक इवलीशी पट्टी आणि दोहोंच्या मध्ये साधारण एक मिलिमीटरची फट. या फटीतून ठिणगी उडी मारते. घरातल्या दिव्याला २३० व्होल्ट पुरतात, पण दाबलेल्या हवेतली ही एवढीशी फट ओलांडायला वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब लागतो. १८६० साली लन्वार नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये आपले वायूवर चालणारे इंजिन विजेच्या ठिणगीने पेटवले. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, आणि मोटारीला तिची खरी ठिणगी मिळाली. आमच्या कर्नाटकात तर या वस्तूचे एक घरगुती नावच होते. बंगळूरला १९५१ साली मोटार इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली, ती लोकांच्या तोंडी ‘मायको’ झाली. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी आमचे बाबा दुकानात गेले की अजून ‘मायकोचा प्लग द्या’ असेच म्हणतात, आणि दुकानदारही न चुकता समजतो.

प्लगची विचारपूस माणसे करतात ती ठिणगीपुरती. गाडी सुरू झाली नाही की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फट बघायची. जुने ड्रायव्हर त्याच्या टोकाचा रंग बघून इंजिनाची प्रकृती सांगतात. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट ओले असेल तर आतल्या रिंगा झिजल्या. नाडीपरीक्षाच ती! पण या साऱ्या गडबडीत प्लगचे दुसरे काम विसरले जाते. प्लग या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बूच. ज्या भोकातून ठिणगी आत जाते तेच भोक त्याला घट्ट बंद करून ठेवायचे असते, आणि तेही आत स्फोट होत असताना.

हा स्फोट किती जोराचा, याचा हिशेब बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला अवघड नाही. प्लगच्या आट्यांचा व्यास सामान्यतः १४ मिलिमीटर. म्हणजे भोकाचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या थोडे वर. गाडी भरलेली असून चढावर असेल तर सिलिंडरातील दाब दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोपर्यंत सहज जातो. गुणाकार केला की पाऊणशे किलो येतात. बटाट्याचे दीड पोते! इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने एका सिलिंडरात सेकंदाला पंचवीस वेळा स्फोट होतो. कुणीतरी खालून दीड पोत्याच्या जोराने सेकंदाला पंचवीस धक्के देत आहे आणि वरून प्लग ‘हलणार नाही’ म्हणून बसला आहे, असे हे चित्र. तो बसतो कशाच्या जोरावर? आट्यांच्या. आणि हे आटे पोलादाचे नसतात. इंजिनाचे हेड हलके असावे, लवकर थंड व्हावे म्हणून ते ॲल्युमिनियमचे ओततात. प्लगचे अंग पोलादाचे, भोकाचे आटे ॲल्युमिनियमचे. कठीण माणसाची मऊ माणसाशी सोयरीक जमवावी तसा हा प्रकार. नीट वागले तर जन्मभर निभते. वाकडे शिरले तर मऊ असेल त्याचे सोलते.

डिसेंबर २०२३ मध्ये हे सोलणे आमच्या वाट्याला आले.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मोठा. त्यासाठी गुरुवारी रात्री माल भरून मध्यरात्रीनंतर निघावे लागते. त्या दिवशी गाडीवरचा पोरगा तापाने पडला होता आणि कॉलेजला सुटी होती, म्हणून मी बाबांबरोबर गेले. गाडीत कोबी, ओली मिरची आणि बिन्स. आमच्या छोट्या पिकअपचे इंजिन पुढे नाकात नाही. बसायच्या बाकाखाली आहे. थंडीच्या दिवसांत त्याची ऊब येते, उन्हाळ्यात चटके बसतात. जांबोटी मागे पडली. पुढे जंगल, चढ, आणि दिव्याच्या झोतात धुके. गेले दोन-तीन दिवस इंजिनातून टिक् टिक् असा बारीक आवाज येत होता. परत आल्यावर दाखवू, असे बाबा म्हणाले होते. एका चढावर त्यांनी गियर उतरवला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि माझ्या खालून ‘ढप्प’ असा आवाज झाला. टायर फुटल्यासारखा, पण पत्र्याच्या पेटीत फुटल्यासारखा. लगेच पाठोपाठ फट् फट् फट् फट्, आणि पेट्रोलचा उग्र वास.

बाबांनी आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, ब्रेक लावला आणि म्हणाले, “उतर. लांब उभी राहा.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच मला भीती वाटली. पाच-सात मिनिटे त्यांनी बाकाला हात लावला नाही. वास विरल्यावर चाकांना दगड लावले आणि मोबाईलच्या उजेडात बाक उचलला. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग आपल्या वायरीला लोंबकळत होता. त्याच्या अंगाभोवती चांदीच्या तारेसारखे काहीतरी गुंडाळलेले. मला आधी वाटले, स्प्रिंग असेल. ती स्प्रिंग नव्हती. ते हेडाचे आटे होते. प्लगने जाताना आपल्याबरोबर सोलून नेलेले.

थांबण्यामागचे कारण मला नंतर समजले. प्लग असा बाहेर लोंबकळत असताना इंजिन चालूच राहिले, तर त्याला वीज मिळतच राहते. त्याचे अंग कुठे लोखंडाला टेकले की ठिणगी बाहेरच्या बाहेर पडते. आणि त्याच वेळी उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ पिचकारीसारखी उडत असते. ठिणगी आणि पेट्रोल या दोघांची भेट इंजिनाच्या आत ठरलेली. ती बाकाखाली, आमच्या पायांपाशी झाली असती.

थोड्या वेळाने मागून एक पिकअप आली. गोव्याहून मासळी आणायला रिकामी चाललेली. ड्रायव्हर उतरला, डोकावला आणि आमच्या बेळगावी मराठीत म्हणाला, “प्लग उडालाय की ओ. त्याला काय हुतंय? त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्शन काढा, कॉइलचं बी काढा, आणि तीनवर न्या हळूहळू. चोर्ल्याच्या पुढं उतारच हाय.”

तो चुकीचे सांगत नव्हता. इंजेक्टरची जोडणी सुटी केली की त्या सिलिंडरला पेट्रोल मिळत नाही, आणि तीन सिलिंडरांवर गाडी रखडत का होईना चालते. या रस्त्यावर अनेकांनी असे केले आहे. बाबा काही बोलेनात. त्यांच्या डोक्यात काय चालले होते ते मला दिसत होते. शुक्रवारचा बाजार चुकला तर मिरचीचा भाव शनिवारी निम्मा. व्यापाऱ्याचे आगाऊ घेतलेले पैसे. आणि महिन्याच्या दहा तारखेला बँकेचा हप्ता. पण भोक उघडेच राहणार, गरम हवा बाकाखाली फेकली जाणार, चढावर तीन सिलिंडरांना चाराचे ओझे ओढावे लागणार. मी दीड पोत्याचा हिशेब त्यांना तेव्हाच सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि मान हलवली. मग त्या ड्रायव्हरला विचारले, “माल तुझ्या गाडीत घेशील काय?”

चौघांनी मिळून पोती आणि क्रेट त्या गाडीत चढवले. कोबीला मासळीचा वास लागेल, असे मी म्हणाले, तर तो ड्रायव्हर हसून म्हणाला, “गोव्यात त्याला भाव जास्तच येतोय की!” भाडे मात्र त्याने रोख ठरवून घेतले, एक रुपया कमी केला नाही, आणि उजाडायच्या आत माल पोचवून व्यापाऱ्याकडून फोनही करवला. ज्याला आपण व्यवहार म्हणतो तो असा चोख असला की त्यातही एक माया असते.

त्याची गाडी वळणाआड गेल्यावर बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, “तू नसतीस तर मी तीनवर गेलो असतो.”

माझा हिशेब त्यांना पटला म्हणून आम्ही थांबलो, असे क्षणभर मला वाटले होते. तसे नव्हते. मी गाडीत होते म्हणून आम्ही थांबलो. आणि मी गाडीत नसते असे गुरुवार वर्षाला पन्नास. त्या पन्नास रात्री ते कशाकशाच्या भरवशावर घाट उतरत असतील, हा विचार मनात आला आणि धुक्यापेक्षा जास्त थंडी वाजली. प्लग पुन्हा बसवायचा तर असा बसवला पाहिजे, की हा प्रश्नच पुन्हा त्यांच्यापुढे येऊ नये. हे मी त्या दगडाजवळ उभी राहून ठरवले. ठरवणे सोपे होते. करणार दुसराच कुणीतरी होता.

सकाळी एका रिकाम्या ट्रकने दोरी लावून आम्हाला परत बेळगावला ओढून आणले. आधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. तिथल्या तरुण इंजिनिअरने बघितले आणि सांगितले, “हेड बदलावे लागेल.” नवे हेड, गॅस्केट, मजुरी मिळून आकडा पंचवीस हजारांच्या वर जात होता, आणि हेड यायला आठवडा. तो फसवत होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या कागदावर बदलण्याचा रकाना होता, दुरुस्तीचा नव्हता, एवढेच. मोठमोठ्या कंपन्यांचेही असेच होते. अमेरिकेत फोर्डच्या पिकअप गाड्यांमध्ये १९९७ नंतर जी ट्रायटन नावाची व्ही-आठ इंजिने आली, त्यांतील काहींच्या हेडांत प्लगला धरायला जेमतेम चार आटे होते. पुढे त्या गाड्यांचे प्लग उडण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की प्लग उडणे ही त्या इंजिनाची ओळख बनली. कंपनीचे उत्तर आधी हेड बदला असेच होते. २००७ मध्ये मात्र तिने आपल्या मेकॅनिकांना भोकात बुश बसवून दुरुस्ती करण्याची पद्धत रीतसर कळवली. ती बुशे तोवर कितीतरी लहान गॅरेजांत बसून रस्त्यावर धावत होती. शहाणपण नेहमी वरूनच खाली येते असे नाही.

आमचे शहाणपण उद्यमबागेच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये होते. बाबा तिथल्या मिस्त्रींना मामा म्हणतात. साठीचे गृहस्थ, घरची भाषा कन्नड, हाताखालच्या पोरांशी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि पाना हातातून निसटला तर कोणती ते सांगणे कठीण. त्यांनी उडालेला प्लग हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यावरची चांदीची तार नखाने उलगडत बराच वेळ बघत राहिले.

बाबांनी मनातली गोष्ट काढली. “मामा, हे कुणाचं काम असंल? गाडी जुनी घेतलीया. आधीच्या मालकाचं, का मागच्या वेळी प्लग बदलला त्या गॅरेजवाल्याचं? कुणीतरी वाकडा आवळलाय.”

मामा म्हणाले, “कुणी केलंय ते विचारून आटे परत येत न्हाईत, अण्णा. धातू किती शिल्लक हाय ते बघूया.”

वाचकांना हे उत्तर साधे वाटेल. मला ते साधे वाटले नाही. आमच्या भागात ‘आधी कुणी केले’ हा प्रश्न प्रत्येकाला तोंडपाठ असतो. शेताच्या बांधापासून थेट मोठमोठ्या वादांपर्यंत आपण तो विचारत असतो, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंच्या खिशात तयार असते. त्या उत्तराने कुणाचेही काही दुरुस्त झालेले मी पाहिलेले नाही. पण म्हणून मामांनी शोधच घेतला नाही असे मात्र नव्हे, आणि हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कुणी केले हे त्यांनी सोडून दिले. कसे झाले हे मात्र त्यांनी अर्धा तास खपून शोधले. त्यांनी मला जवळ बोलावले, “बघ यव्वा,” म्हणाले आणि प्लगवरची तार दाखवली. आमच्या प्लगच्या आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर सव्वा मिलिमीटर. म्हणजे पंधरा आटे. इतके आटे असताना प्लग सहसा उडत नाही. पण वरचे सहा-सात आटे तिरपे कापलेले होते. कधीतरी कुणीतरी प्लग भोकात सरळ न धरता एकदम पान्याने फिरवला होता. तो वाकडा शिरला, जड लागला, आणि जड लागतोय म्हणजे घट्ट बसला असे त्या हाताला वाटले. मग खालच्या थोड्या आट्यांवर सारा भार आला. हळूहळू ते सैल झाले, बाजूने वायू निसटू लागला. तीन दिवस ऐकू येत होती ती टिक् टिक् तीच. आणि चढावर भार वाढला तेव्हा उरलेलेही सोलले गेले. ‘कुणी’चे उत्तर एक नाव देते. ‘कसे’चे उत्तर पुढच्या वेळी हात कसा धरायचा ते शिकवते.

मग कामाला सुरुवात झाली. हेड जागेवर ठेवूनच भोक मोठे करता येते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचे म्हणजे कीस त्याला चिकटून वर येतो. पण मामांनी ते मानले नाही. “धातूचा एक कण आत ऱ्हायला तर सिलिंडर खरवडून काढतोय. ही गाडी घाटात जाणारी. हेड उतरायचं.” गॅस्केटचा खर्च वाढला, पण बाबांनी हो म्हटले. हेड उतरल्यावर बाकीची तिन्ही भोकेही तपासता आली. ती चांगली निघाली.

बुश करायला आम्ही पलीकडच्या लेथवर गेलो. बेळगावात ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने बरेच. उद्यमबागेत तर हाकेच्या अंतरावर कुणी ओततो, कुणी कातरतो, कुणी घासतो. लेथवाल्याने पोलादाचा गोल तुकडा चकमध्ये धरला, बाहेरून १८ मिलिमीटरचे आटे पाडले, आतून प्लगचे १४ चे, वर एक बारीक कॉलर ठेवली. मामा आणि तो कन्नडमध्ये बोलत होते, मध्येच लेथवाल्याचा भाऊ मराठीत विचारी, आणि आकडे सगळे जण आळीपाळीने तिसऱ्याच भाषेत म्हणत, ‘वन पॉइंट टू फाय’. आटे मोजायची दातेरी पट्टी बुशावर टेकवली, उजेडाकडे धरली. फटीतून उजेड आला नाही. त्यावर कुणाचे दुमत झाले नाही.

हेडाच्या भोकात १८ चा टॅप मारताना मामा दर अर्ध्या फेऱ्याला पाव फेरा मागे येत. कीस मोडावा म्हणून असे करतात. नुसते पुढे रेटले तर टॅप अडकतो आणि मोडतो. मग भोक पेट्रोलने धुतले, बुशाला पक्के धरणारा द्राव लावला आणि तो आत बसवला. खालच्या बाजूला बुशाची कड किंचितही बाहेर येऊ द्यायची नाही; आली तर ती निखाऱ्यासारखी तापते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. मामांनी ती कड कानसीने सपाट केली आणि बारीक पंचने दोन ठिकाणी ठोकून बुश कायमचा अडकवला.

“पहिल्यासारखं झालं काय?” बाबांनी विचारले. मामा म्हणाले, “पहिल्यापेक्षा घट्ट.” हे मला आधी बढाईसारखे वाटले. घरी येऊन विचार केला तेव्हा कळले, ते अक्षरशः खरे होते. प्लगचे पोलाद आता बुशाच्या पोलादात फिरते. मऊ आटे झिजायचा प्रश्न संपला. आणि ॲल्युमिनियमला आता १४ ऐवजी १८ मिलिमीटरच्या वर्तुळावर पकड मिळाली आहे, म्हणजे तेवढ्याच खोलीत भार वाटून घ्यायला जास्त धातू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांतही प्लगच्या भोकात पोलादी तारेची वेटोळी याच कारणासाठी बसवत असत. डागडुजी केलेली वस्तू नेहमी मूळ वस्तूपेक्षा कमीच, अशी आपली एक समजूत असते. ती सगळीकडे खरी नाही.

नवी गॅस्केट घालून हेड चढवले. त्याचे बोल्ट मधून सुरुवात करून कडेकडे, एकदम न आवळता तीन वेळा थोडे थोडे करून, टॉर्क पान्याने आवळले. शेवटी प्लगची पाळी आली. मामांनी खिशातून वीतभर रबरी नळीचा तुकडा काढला, त्याचे एक टोक प्लगच्या डोक्यावर चढवले आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले. “फिरव. आधी उलटं.” उलटे फिरवताना एके ठिकाणी ‘टक्’ असे हाताला जाणवले, आट्याच्या तोंडाशी आटा आला होता. तिथून सुलटे फिरवले आणि प्लग लोण्यात शिरावा तसा आत गेला. नळीची गंमत अशी, की प्लग वाकडा शिरू लागला तर नळी फिरतच नाही, हातातच घसरते. तिच्यात चूक करण्याइतका जोरच नाही. प्लग बोटांनी टेकेपर्यंत पाना लावायचा नाही. टेकल्यावर नव्या वायसरला अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त. इंजिन गार असतानाच. इतकेच.

सारे मिळून साडेपाच हजार रुपये झाले, आणि गाडी सोमवारी रस्त्यावर आली.

भौतिकशास्त्र मला प्रयोगशाळेत शिकवले गेले आणि ते उत्तम शिकवले गेले. दीड पोत्याचा हिशेब मी तिथेच शिकले. पण तो हिशेब मी केला तेव्हा प्लग उडून झाला होता. तो उडू नये म्हणून काय करायचे, ते त्या वीतभर नळीत होते, आणि ती नळी कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला भेटली नव्हती. आपल्या कॉलेजच्या कंपाउंडबाहेर काही अंतरावर हे सगळे ज्ञान तेलकट हातांनी रोज वापरले जाते. ते लिहून ठेवणारे कुणी नाही. मामांना लिहायला वेळ नाही आणि आपल्याला तिथे जायला. या अंकात अर्धी पाने मराठीत आहेत, अर्धी कन्नडमध्ये. मामांच्या शेडबद्दल कोणत्या अर्ध्यात लिहावे हे मला काही ठरवता आले नाही. मला नीट लिहिता येते त्या भाषेत लिहिले.

त्यानंतर पिकअप किती वेळा घाट उतरली याची मोजदाद बाबांच्या वहीत आहे. प्लग दर वेळी गार इंजिनावर, नळीने बसतो. गाडीवरच्या पोराला ते शिकवायचे काम माझ्याकडे आले आणि तो आता माझ्यापेक्षा सफाईने करतो. नळीचा एक तुकडा गाडीत असतो, एक ओसरीवरच्या डब्यात. गुरुवारी रात्री दोनच्या सुमाराला अंगणात इंजिन सुरू होते. मी अंथरुणात पडल्या पडल्या कान देऊन ऐकते. टिक् टिक् येत नाही. चारही सिलिंडर एका लयीत चालत असतात. गाडी वेशीपर्यंत गेल्याचा आवाज ऐकू येतो, आणि हल्ली त्यानंतर मला झोप लागते.